७०० मीटरचा सरळ पट्टा आणि ब्रेकची जागा : शर्यतीच्या गाडीच्या एका गणिताचा प्रकरण अभ्यास

एक गाडी वळणातून ९० किमी/तास वेगाने बाहेर पडते. पुढे ७०० मीटरचा सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला २५ मीटर त्रिज्येचे हेअरपिन, म्हणजे गाडीला जवळजवळ उलट दिशेला फिरवणारे, वळण. चालकाने पूर्ण थ्रॉटल द्यायचा आहे, योग्य जागी ब्रेक दाबायचा आहे आणि वळण सुरू होते त्या बिंदूवर गाडी नेमक्या वळणाच्या वेगाला आणायची आहे. प्रश्न तीन आहेत. गाडीचा सर्वोच्च वेग किती होईल? ब्रेक वळणाच्या किती मीटर आधी लागला पाहिजे? आणि पट्टा पार करायला एकूण वेळ किती लागेल?

दहावी-अकरावीच्या गतीविषयक समीकरणांवर हे गणित सुटते असे वाटते, आणि कागदावर सुटतेही. पण आलेल्या तीन उत्तरांपैकी दोन चुकीची असतात आणि तिसरे जवळपास बरोबर येते. ते तिसरे उत्तरच माणसाला फसवते, म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहू.

गाडीचे आकडे

आकडे गणिताच्या सोयीसाठी गोल धरले आहेत, पण ते फॉर्म्युला वन जातीच्या गाडीच्या आसपासचे आहेत. चालकासह वस्तुमान ८०० किलो. (२०२५ च्या फॉर्म्युला वन नियमांतले किमान वजनही चालकासह, इंधन वगळून, ८०० किलोच होते.) चाकांपर्यंत पोचणारी शक्ती ६०० किलोवॅट, म्हणजे साधारण ८०० अश्वशक्ती. हवेचा विरोध वेगाच्या (मी/से) वर्गाच्या ०.८ पट, न्यूटनमध्ये. कमी वेगात इंजिनाची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त असते, त्यामुळे तिथे निव्वळ त्वरण ११ मी/से² च्या वर जात नाही. हेअरपिनच्या वेगाला टायर आडव्या दिशेने १६ मी/से² इतके त्वरण पेलतात.

गाडीवरच्या डेटा लॉगरमधून, म्हणजे वेग आणि वेळ नोंदवणाऱ्या यंत्रातून, आणखी दोन आकडे मिळाले आहेत. गाडी ९० वरून २८८ किमी/तास वेगाला जवळजवळ ७ सेकंदांत पोचते, म्हणजे सरासरी त्वरण सुमारे ८ मी/से². आणि याच पट्ट्यावर पूर्ण ब्रेक लावताना सरासरी अवत्वरण (वेग घटण्याचा दर) सुमारे २५ मी/से² भरते. दोन्ही आकडे खरे आहेत, मोजलेले आहेत. घोटाळा पुढे होतो.

आधी शेवट, मग सुरुवात

अशा गणितात पहिले पाऊल शेवटच्या वळणापासून टाकायचे, कारण तिथला वेग ठरल्याशिवाय ब्रेकचे गणित मांडताच येत नाही. वर्तुळाकार गतीत अभिकेंद्री त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. टायर १६ मी/से² पेलतात, त्रिज्या २५ मीटर आहे, म्हणजे वेगाचा वर्ग ४०० आणि वेग २० मी/से, ७२ किमी/तास. गाडीचे वजन इथे कुठे आले नाही हे लक्षात घ्या. त्याचा परिणाम १६ या आकड्यातच धरलेला आहे.

सगळे आकडे सुरुवातीलाच मी/से मध्ये आणून ठेवा. ९० किमी/तास भागिले ३.६ म्हणजे २५ मी/से. हे बारीक वाटते, पण इथे होणारी चूक मोठी असते. वेगाचा वर्ग किमी/तासमध्ये करून नंतर एकदाच ३.६ ने भागले, तर उत्तर ३.६ पट फुगते, कारण वर्गाला भागायचे असते १२.९६ ने. दुसरी नेहमीची चूक चिन्हाची. ब्रेकच्या टप्प्यात त्वरण ऋण धरा किंवा सरळ ‘वेग किती घटला’ असे मांडा, पण एकाच ओळीत दोन्ही करू नका.

समीकरणांनी सोडवलेले उत्तर

त्वरण ८ आणि अवत्वरण २५ सगळीकडे सारखेच आहे असे धरू. सर्वोच्च वेग माहीत नाही. त्याच्या वर्गातून २५ चा वर्ग वजा करून त्वरणाच्या दुपटीने, म्हणजे १६ ने, भागले की वेग घेण्याचे अंतर मिळते. त्याच वर्गातून २० चा वर्ग वजा करून अवत्वरणाच्या दुपटीने, म्हणजे ५० ने, भागले की ब्रेकचे अंतर मिळते. दोन्हींची बेरीज ७०० मीटर. समीकरण सोडवले की सर्वोच्च वेगाचा वर्ग ९०५५ येतो आणि वेग ९५.२ मी/से, म्हणजे सुमारे ३४३ किमी/तास.

वेग घेण्यात ५२७ मीटर आणि ८.७७ सेकंद जातात, ब्रेकमध्ये १७३ मीटर आणि ३.०१ सेकंद. एकूण वेळ ११.७८ सेकंद. बीजगणितात कुठेही चूक नाही. ५२७ आणि १७३ ची बेरीज बरोबर ७०० भरते. बहुतेक जण इथेच उत्तराखाली रेघ मारतात.

गाडीला हे जमते का?

रेघ मारण्याआधी एक पडताळणी करायची. ९५.२ मी/से वेगाला ८ मी/से² त्वरण द्यायला बल लागते ८०० × ८ = ६४०० न्यूटन. त्याच वेगाला हवेचा विरोध ०.८ × ९०५५, म्हणजे सुमारे ७२४० न्यूटन. एकूण १३,६४० न्यूटन. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, ती आली सुमारे १३०० किलोवॅट. गाडीकडे आहेत ६००. म्हणजे उत्तर खरे ठरायला दुपटीहून जास्त ताकदीचे इंजिन हवे.

याहून सोपी तपासणीही आहे. सगळी शक्ती हवेशी झुंजण्यातच खर्ची पडते तो वेग म्हणजे गाडीची कमाल मर्यादा. ६,००,००० भागिले ०.८ म्हणजे ७,५०,०००. याचे घनमूळ ९०.९ मी/से, ३२७ किमी/तास. कितीही लांब पट्टा दिला तरी सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ही गाडी ३२७ च्या वर जाऊ शकत नाही. आपले उत्तर ३४३ आहे आणि तेही ७०० मीटरच्या पट्ट्यावर.

मग चुकले काय? ८ हा आकडा २५ ते ८० मी/से या वेगांमधल्या मोजणीचा होता. तो आपण ९५ पर्यंत ताणला. पण एवढ्यावर भागत नाही. मोजलेल्या वेगांच्या आतसुद्धा हा आकडा अंतराचे उत्तर चुकीचे देतो, आणि या प्रकरणातला खरा मुद्दा तोच आहे.

दोन सरासऱ्या

२५ पासून ८० मी/से पर्यंत ८ या एकसमान त्वरणाने जायला ३६१ मीटर लागतील असे समीकरण सांगते. पुढे टप्प्याटप्प्याने मोजू तेव्हा दिसेल की खरे अंतर ४०५ मीटर आहे. वेळ तीच, दोन्ही टोकांचे वेग तेच, तरी अंतरात ४४ मीटरचा फरक.

कारण वेग-काळ आलेखात डोळ्यांना दिसते. त्वरण एकसमान असेल तर आलेख सरळ रेषा असते आणि तिच्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर. खऱ्या गाडीचा आलेख सुरुवातीला झपकन चढतो आणि मग सपाट होत जातो, म्हणजे रेषेच्या वर फुगतो. दोन्ही टोके तीच राहिली तरी खालचे क्षेत्रफळ वाढते, कारण गाडी जास्त वेळ जास्त वेगात असते.

म्हणून सरासरी त्वरण दोन प्रकारचे असते. वेगातला फरक भागिले वेळ ही काळावरची सरासरी. आपल्या गाडीत ती ७.९. वेगांच्या वर्गांतला फरक भागिले दुप्पट अंतर ही अंतरावरची सरासरी, ती ७.१. त्वरण एकसमान असेल तर दोन्ही सारख्या येतात, नसेल तर नाही. वेळ विचारली असेल तर पहिली वापरायची, अंतर विचारले असेल तर दुसरी. लॉगर, मासिके आणि जाहिराती बहुतेक वेळा पहिलीच देतात, कारण त्यांच्याकडे सेकंद असतात, आणि गणित सोडवणारा तीच अंतराच्या सूत्रात घालतो.

त्वरण एकसमान आहे की नाही हे ओळखायला एक अगदी हलकी चाचणी आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा वेग यांची बेरीज करून निम्मी करा, आणि ती प्रत्यक्ष सरासरी वेगाशी, म्हणजे अंतर भागिले वेळ याच्याशी, ताडून पाहा. एकसमान त्वरणात दोन्ही नेमके जुळले पाहिजेत. आपल्या गाडीसाठी (२५ + ८०) भागिले २ म्हणजे ५२.५, आणि प्रत्यक्षात ४०५ मीटर ६.९७ सेकंदांत, म्हणजे ५८ मी/से. प्रत्यक्ष सरासरी जास्त आली याचा अर्थ त्वरण पुढे पुढे घटत गेले.

हीच चाचणी ड्रॅग शर्यतीला, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ रेषेत धावण्याच्या शर्यतीला, लावून पाहा. टॉप फ्युएल गटाच्या गाड्या २००८ पासून ३०४.८ मीटर धावतात. उभ्या जागेवरून हे अंतर त्या ३.७ सेकंदांच्या आसपास कापतात आणि शेवटी वेग साधारण ५३० किमी/तास असतो. सरासरी वेग ८२ मी/से. त्वरण एकसमान असते तर शेवटचा वेग याच्या बरोबर दुप्पट, सुमारे १६५ मी/से, म्हणजे ५९३ किमी/तास भरला असता. प्रत्यक्षात भरतो १४७ मी/से. इतक्या राक्षसी गाडीलाही त्वरण शेवटपर्यंत टिकवता येत नाही, तर आपल्या गाडीकडून ती अपेक्षा करणे रास्त नाही.

तुकडे पाडून सोडवणे

आता गणित नीट मांडू. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन देते ते त्वरण म्हणजे शक्ती भागिले (वस्तुमान × वेग). ६,००,००० भागिले ८०० म्हणजे ७५०, म्हणून ७५० भागिले वेग. हवा खाते ते त्वरण म्हणजे ०.८ भागिले ८०० गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे वेगाचा वर्ग भागिले १०००. निव्वळ त्वरण या दोहोंची वजाबाकी. ती ११ पेक्षा जास्त आली तर टायर घसरतील, म्हणून ११ धरायचे. ५४ मी/से वेगाला ७५० ÷ ५४ − २.९ म्हणजे जवळपास ११ च येते. तर ५४ पर्यंत टायरचे राज्य आणि त्यापुढे इंजिन व हवेचे.

५४ पर्यंतचा टप्पा खरोखर एकसमान त्वरणाचा आहे, तिथे नेहमीचे समीकरण निर्धास्त वापरा. पुढे वेगाचे छोटे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात मधल्या वेगाचे त्वरण काढायचे, वेगातला फरक त्याने भागून वेळ काढायची आणि वेळ गुणिले मधला वेग म्हणजे अंतर. वेग मी/से, त्वरण मी/से², वेळ सेकंदांत, अंतर मीटरमध्ये.

| वेगाचा टप्पा | मधला वेग | त्वरण | वेळ | अंतर | एकूण अंतर |
|---|---|---|---|---|---|
| २५ ते ५४ | – | ११.० | २.६४ | १०४.१ | १०४.१ |
| ५४ ते ६० | ५७ | ९.९१ | ०.६१ | ३४.५ | १३८.६ |
| ६० ते ६५ | ६२.५ | ८.०९ | ०.६२ | ३८.६ | १७७.२ |
| ६५ ते ७० | ६७.५ | ६.५६ | ०.७६ | ५१.५ | २२८.७ |
| ७० ते ७५ | ७२.५ | ५.०९ | ०.९८ | ७१.२ | २९९.९ |
| ७५ ते ८० | ७७.५ | ३.६७ | १.३६ | १०५.६ | ४०५.५ |
| ८० ते ८१ | ८०.५ | २.८४ | ०.३५ | २८.४ | ४३३.९ |
| ८१ ते ८२ | ८१.५ | २.५६ | ०.३९ | ३१.८ | ४६५.७ |
| ८२ ते ८३ | ८२.५ | २.२८ | ०.४४ | ३६.१ | ५०१.८ |
| ८३ ते ८४ | ८३.५ | २.०१ | ०.५० | ४१.६ | ५४३.४ |
| ८४ ते ८५ | ८४.५ | १.७४ | ०.५८ | ४८.७ | ५९२.१ |

८० नंतर तुकडे एकेका मी/से चे का केले? कारण तिथे त्वरण इतके कमी झालेले असते की त्यातला थोडासा बदलही अंतर खूप हलवतो. ८० ते ८५ हा एकच तुकडा धरला असता तर अंतर १८०.५ मीटर आले असते. पाच तुकडे पाडल्यावर ते १८६.६ येते. सहा मीटरची चूक फक्त आळसाने. याउलट ७५ ते ८० चे आणखी तुकडे पाडले तरी जेमतेम एका मीटरचा फरक पडतो. नियम असा ठेवा : तुकडे अर्धे करून पाहा, उत्तर हलले नाही तर पुरे.

तक्त्यात एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. २५ वरून ५४ मी/से पर्यंत, म्हणजे वेग दुप्पट व्हायला, १०४ मीटर पुरले. आणि ८४ वरून ८५ व्हायला, फक्त एका मी/से साठी, जवळजवळ ४९ मीटर गेले. पट्ट्याच्या शेवटाला गाडी इंच इंच लढवत असते.

ब्रेकचा टप्पा

ब्रेक दाबल्यावर चित्र उलटे होते. डाउनफोर्स, म्हणजे हवेचा गाडीला खाली दाबणारा जोर, वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो, त्यामुळे जास्त वेगात टायर रस्त्याला जास्त घट्ट धरतात, आणि हवेचा विरोधही आता मदतीला येतो. या गाडीसाठी अवत्वरण १५ अधिक वेगाचा वर्ग भागिले २५० असे धरले आहे. ८४.७ मी/से वेगाला ते ४३.७ मी/से², म्हणजे जवळपास साडेचार जी (गुरुत्व त्वरणाच्या साडेचार पट). २० मी/से ला ते १६.६ च उरते. त्यातला हवेचा ०.४ वजा केला की टायरचे १६.२ राहतात, म्हणजे वळणासाठी धरलेल्या १६ शी ते जुळते. असे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहिले की मांडणीतली विसंगती लवकर सापडते.

हेही तुकडे पाडून मोजू. ८४.७ वरून ८० ला यायला ९.२ मीटर लागतात. ८० वरून ७० ला २०.०, मग ६० ला २०.४, ५० ला २०.३, ४० ला १९.५, ३० ला १७.६ आणि २० ला १४.३. एकूण १२१ मीटर, २.५७ सेकंद.

८० पासून ४० पर्यंत दर १० मी/से ला जवळजवळ तेच २० मीटर लागतात, हे विलक्षण आहे. डाउनफोर्स नसलेल्या साध्या गाडीत वेग जितका जास्त तितके प्रत्येक १० मी/से ला अंतर जास्त लागते. इथे वेगाबरोबर अवत्वरणही जवळपास त्याच प्रमाणात वाढते, म्हणून अंतर स्थिर राहते. अर्थात हे याच आकड्यांपुरते. दुसऱ्या गाडीला आंधळेपणाने लावू नका.

निम्म्या बेरजेची चाचणी इथे उलट बाजूला झुकते. (८४.७ + २०) भागिले २ म्हणजे ५२.४, पण प्रत्यक्ष सरासरी १२१ ÷ २.५७ म्हणजे ४७ मी/से. कारण वेगाचा मोठा भाग सुरुवातीलाच उतरतो आणि उरलेला वेळ गाडी संथ असते. काळावरची सरासरी २५ येते, अंतरावरची २८. लॉगरची २५ घेऊन ब्रेकचे अंतर काढले तर ते १३५ मीटर येते, म्हणजे ब्रेक १४ मीटर उगाच आधी लागतो. आणि २८ घेऊन वेळ काढली तर २.३१ सेकंद येते, तीही चूक.

जुळवणी

आता दोन्ही टप्पे एकत्र आणायचे. सर्वोच्च वेग ८४ धरला तर वेग घेण्याचे ५४३.४ आणि ब्रेकचे ११९.६, मिळून ६६३ मीटर. ३७ मीटर उरतात. ८५ धरला तर ५९२.१ आणि १२१.६, मिळून ७१३.७, पट्टा १३.७ मीटरने अपुरा पडतो. ७०० मीटर या दोहोंच्या मध्ये, प्रमाणात घेतले तर ८४.७ मी/से वर बसतात. म्हणजे सर्वोच्च वेग ३०५ किमी/तास, ब्रेक वळणाच्या १२१ मीटर आधी, आणि वेळ ९.०६ अधिक २.५७ म्हणजे ११.६३ सेकंद.

पहिल्या उत्तराशेजारी ठेवून पाहा. सर्वोच्च वेग ३४३ होता, खरा ३०५. ब्रेकचे अंतर १७३ होते, खरे १२१. वेळ मात्र ११.७८ होती, खरी ११.६३. वेग ३८ किमी/तासने चुकला, ब्रेकची जागा ५२ मीटरने, आणि एकूण वेळ फक्त ०.१५ सेकंदाने. पहिल्या उत्तरातली गाडी अशक्य वेगाला पोचली, पण तो वेग उतरवायला तिला जास्त अंतर आणि वेळ लागला. दोन चुका एकमेकींना जवळजवळ खाऊन गेल्या. म्हणून घड्याळाची वेळ जुळली तर गणित बरोबर असे मानता येत नाही. निदान दोन वेगवेगळ्या राशी, वेळेबरोबर सर्वोच्च वेग किंवा ब्रेकची जागा, मोजणीशी जुळल्या पाहिजेत.

ट्रॅकवर याचा अर्थ काय

वळणाआधी १५०, १०० आणि ५० मीटरचे फलक असतात असे धरू. १२१ म्हणजे १०० च्या फलकाच्या २१ मीटर अलीकडे. ८४.७ मी/से वेगाला हे २१ मीटर पाव सेकंदात संपतात.

शिवाय ब्रेक बटणासारखा लागत नाही. पेडलवरचा दाब शून्यापासून पूर्ण व्हायला ०.१ सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी साडेआठ मीटर पुढे जाते आणि त्यातले निम्मे, सुमारे ४ मीटर, ब्रेकच्या दृष्टीने वाया जातात. म्हणून पेडलवर पाय पडण्याची जागा १२५ मीटर धरावी लागते. कागदावरचे १२१ जसेच्या तसे चालकाला सांगणे ही नवशिक्या इंजिनिअरची हमखास चूक.

पाच मीटर उशीर झाला तर? वेळेत हा उशीर ०.०६ सेकंदाचा आहे. पण हे पाच मीटर कमी पडतात ते ब्रेकच्या शेवटी, जिथे अवत्वरण सर्वांत दुबळे असते. वळणाच्या तोंडाशी वेगाचा वर्ग ४०० ऐवजी सुमारे ५६९ असतो, म्हणजे २३.८ मी/से, ८६ किमी/तास. २५ मीटर त्रिज्येवर त्याला २२.८ मी/से² लागतात, टायरकडे आहेत १६. गाडी ३५ मीटरहून मोठ्या त्रिज्येच्या वाटेने बाहेर फेकली जाते. वळतानाही ब्रेक चालू ठेवून सावरू म्हटले तर पकड दोघांत वाटली जाते. आडवे १२ मी/से² वापरले तर ब्रेकसाठी १६ चा वर्ग २५६ वजा १२ चा वर्ग १४४ याचे वर्गमूळ, म्हणजे १०.६ च शिल्लक राहतात. आपल्या गणितात ब्रेक वळणाच्या तोंडाशी पूर्ण सुटलेला आहे असे धरले आहे. कसलेला चालक तो थोडा आत नेतो, पण त्याचे गणित या वाटणीतूनच करावे लागते.

सर्वांत घातक चूक वेगळीच. टीव्हीवरच्या प्रक्षेपणात किंवा डेटाच्या आलेखात ठळक दिसतो तो अवत्वरणाचा शिखर आकडा, ‘साडेचार जी’. तो संपूर्ण ब्रेकला लावला तर अंतर निघते सुमारे ७८ मीटर. तिथे ब्रेक दाबला तर वळणाच्या तोंडाशी गाडीचा वेग अजून ४६ मी/से, म्हणजे १६६ किमी/तास असेल. शिखर आकडा टायर आणि ब्रेकच्या क्षमतेबद्दल खूप सांगतो, पण तो पाव सेकंदसुद्धा टिकत नाही. थांबण्याच्या अंतरासाठी तो वापरूच नये.

मोजणी आणि वारा

तक्ता पडताळायला लॉगरचा वेग वापरायचा, त्वरण नव्हे. सेकंदाला १० नोंदी घेणाऱ्या जीपीएसमध्ये ८४.७ मी/से वेगाला दोन नोंदींत साडेआठ मीटर जातात. प्रत्येक नोंदीत ०.१ मी/से ची चूक असली आणि लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी करून ०.१ सेकंदाने भागले, तर त्वरणात २ मी/से² पर्यंत चूक येऊ शकते. पट्ट्याच्या शेवटी खरे त्वरणच १.७ आहे. एकेक सेकंदाच्या अंतराने वजाबाकी केली की हीच चूक ०.२ वर येते. ब्रेकच्या टप्प्यात मात्र पहिल्या एका सेकंदातच अवत्वरण ४३.७ वरून २६ च्या आसपास येते, तिथे अंतर लहान ठेवावे लागते आणि शक्य असेल तर चाकांच्या वेगाची नोंद वापरावी.

समोरून ५ मी/से, म्हणजे १८ किमी/तासचा साधा वारा असला तरी पट्ट्याचा शेवट बदलतो. इंजिनाची शक्ती रस्त्यावरच्या वेगाशी बांधलेली, पण हवेचा विरोध हवेतल्या वेगाशी. ८४.७ ला इंजिनाचे ८.८६ तसेच राहतात, हवेचे मात्र ७.१७ वरून ८.०५ होतात. निव्वळ त्वरण १.६८ वरून ०.८१ वर, म्हणजे निम्म्याखाली. २ टक्के चढाचा परिणाम यापुढे किरकोळ, फक्त ०.२ मी/से². त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या फेरीतला सर्वोच्च वेग जुळला नाही तर आधी वाऱ्याची दिशा पाहा, इंजिनवर नंतर संशय घ्या.

मागचे वळण

हाच तक्ता आणखी एक प्रश्न सोडवतो. गाडी मागच्या वळणातून २५ ऐवजी २६ मी/से ने, ३.६ किमी/तास जास्त वेगाने, बाहेर पडली तर? २५ ते २६ हा तुकडा आता करावाच लागत नाही. त्यातले ०.०९ सेकंद वाचले आणि २.३ मीटर वाचले. हे २.३ मीटर पट्ट्याच्या शेवटी जोडले जातात, पण ते तिथे ८४ मी/से च्या वेगात कापले जातात आणि त्याला ०.०३ सेकंदच लागतात. निव्वळ बचत ०.०६ सेकंद.

सर्वोच्च वेगात वाढ होते फक्त ०.०४ मी/से, म्हणजे ०.१५ किमी/तास. वेग मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर ३०५ चा ३०५ च राहतो. हा फरक पाहायचा असेल तर सर्वोच्च वेग न पाहता पट्ट्याच्या पहिल्या १०० मीटरची वेळ पाहावी लागते, कारण ०.०६ पैकी जवळजवळ ०.०५ सेकंदांचा फायदा त्या १०० मीटरमध्येच झालेला असतो.